दोन बॅटऱ्यांची गाडी

कॅम्पर करायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न सोलरचा असतो, दुसरा एसीचा. वायरीबद्दल कुणी विचारत नाही. माझं निम्मं काम मात्र वायरीचंच असतं, आणि त्या गाडीत माणसं झोपणार असतात म्हणून त्या कामात मी कुणाचं ऐकत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीला दुसरी बॅटरी बसवायला मी शिकलो तो उसाच्या ट्रॅक्टरवर. हंगामात ट्रॅक्टर कारखान्याच्या अड्ड्यावर नंबराला लागतो आणि रात्र तिथंच काढतो. ड्रायव्हरला टेप हवा असतो, लाइटच्या माळा हव्या असतात. घरापासून लांब, थंडीत बसलेल्या माणसाला तेवढं पाहिजेच. पहाटे नंबर येतो, किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता टक्क करतो आणि गप्प. मागं भरलेल्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं अडलेली रांग. म्हणून टेपला वेगळी बॅटरी द्यायची आणि दोन्हींच्या मध्ये हाताचा एक स्विच ठेवायचा, अशी आमच्याकडची जुनी पद्धत. चालताना स्विच जोडला की दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात, उभं केलं की तोडायचा. स्विच चांगलाच असतो, पण तो माणसाच्या आठवणीवर चालतो. दिवसभर ऊस ओढून दमलेल्या माणसानं रात्री खाली उतरताना स्विच तोडायचा लक्षात ठेवावं, ही अपेक्षा मला कधीच पटली नाही. त्या स्विचच्या जागी बसणारा आयसोलेटर एवढंच करतो: लक्षात ठेवण्याचं काम स्वतःकडे घेतो.

काही काळापूर्वी बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि काकू जुनी ट्रॅव्हलर घेऊन आले. कंपनीचं नाव २००५ साली बजाज टेम्पोचं फोर्स मोटर्स झालं, तरी आमच्या भागात तिला अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. सीटा काढून सुतारानं आत बिछाना, ओटा आणि कपाटं केली होती. परवानगी, नोंदणीतला बदल, हे आरटीओचं सगळं काकांनी आधीच मार्गी लावलं होतं. विजेचं तेवढं राहिलं होतं. काकूंनी वहीच्या पानावर यादी आणली होती: फ्रिज, दोन पंखे, दिवे, पाण्याची मोटर, फोन, लॅपटॉप, आणि शेवटी अधोरेखित करून मिक्सर.

यादी हातात घेऊन मी पहिल्यांदा हिशेब मांडतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. तो सतत चालत नाही; थांबून थांबून दिवसाचे दहा तास धरले तर ४० अँपिअर-तास झाले. दोन छोटे पंखे मिळून २ अँपिअर, रात्रीचे आठ तास, म्हणजे १६. दिवे ६, पाण्याची मोटर ३, फोन-लॅपटॉप १०. काकू म्हणाल्या, "आणि मिक्सर? तो तर सगळ्यात जास्त खात असेल."

५०० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवर चालवला की १२ व्होल्टच्या बाजूला पन्नासेक अँपिअरचा ओढा येतो. आकडा ऐकून काकांनी मान हलवली. पण चटणी वाटायला तीन मिनिटं लागतात. पन्नास अँपिअर तीन मिनिटं म्हणजे अडीच-तीन अँपिअर-तास. रात्रभर गुमान फिरणारे पंखे त्याच्या पाचपट वीज खातात. मिक्सरचा त्रास वेगळा आहे: वीज थोडी लागते, पण एकदम लागते, त्यामुळं वायर बारीक असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. किती वीज लागते आणि किती जोरात लागते, हे दोन हिशेब वेगळे ठेवायचे. काकूंना ते लगेच समजलं. त्यांनी पानावर दोन रकाने पाडले. एसी आणि इंडक्शन शेगडीला मी तिथंच नाही म्हटलं. १५०० वॉटची शेगडी दीडशे अँपिअरच्या घरात ओढते. एवढ्या ओढ्यावर शिशाच्या एका बॅटरीची क्षमतासुद्धा कागदावर लिहिल्याएवढी मिळत नाही.

बेरीज ७८ आली. शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून ७८ साठी १५० अँपिअर-तासांची बॅटरी. त्यावर दिवसभराचं भागतं, त्याहून जास्त नाही.

काकांनी विचारलं, गाडीत आधीच बॅटरी आहे, तीच मोठी टाकली तर? हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि तो चुकीचा नाही. शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली बनवली, तेव्हा गाडीचा सेल्फ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, हँडल मारणं संपत गेलं, आणि पुढं सेल्फसाठीची बॅटरी ही वेगळीच जात तयार झाली. तिच्या प्लेटा पातळ आणि जास्त असतात, कारण तिला दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे असतात आणि मग लगेच अल्टरनेटरकडून ते परत घ्यायचे असतात. तीच बॅटरी तासन् तास थोडी थोडी उपसून रिकामी केली की थोड्याच दिवसांत त्या पातळ प्लेटा खचतात. मुक्कामाच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. एक आखाड्यातला पैलवान, दुसरा पंढरीला पायी जाणारा वारकरी. दोघांनाही एकमेकांच्या कामाला लावू नये.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त पडेल, असं काकांना कुणीतरी सांगितलं होतं. ती बॅटरी वाईट नाही. जिन्याखाली, हवेशीर जागी ती वर्षानुवर्षं चालते. पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि इथं ती बिछान्याच्या खाली बसणार होती. मी सरळ नाही म्हटलं. यूपीएसला लागते तशी सीलबंद बॅटरी घेतली. तिलाही, जास्त चार्ज झाली तर गॅस सोडायला झडप असतेच, म्हणून खोक्यातून गाडीच्या तळाबाहेर जाणारी एक नळी काढली. पंचेचाळीस किलोच्या आसपासचं ते वजन अँगलच्या चौकटीत बसवून चौकट खाली चॅसीला बोल्टनं आवळली. घाटात कचकन ब्रेक लागला तर ती बॅटरी जागची हलता कामा नये.

आता आयसोलेटर. बाजारात तीन-चार तऱ्हा मिळतात. जुना डायोडचा प्रकार मला आवडत नाही: डायोडमध्ये ०.७ व्होल्टच्या आसपास जातात. अल्टरनेटर १४.२ देत असेल तर बॅटरीपर्यंत साडेतेरा पोचतात, आणि ती जन्मात पूर्ण भरत नाही. शिवाय ४० अँपिअर वाहत असताना त्या डायोडमध्ये २८ वॉटची नुसती उष्णता होते. साधा रिले किल्लीवर जोडला तर इंजिन चालू व्हायच्या आधीच दोन्ही बॅटऱ्या एक होतात, आणि सेल्फच्या ओढ्याचा काही हिस्सा मागच्या बॅटरीच्या वायरीतून धावतो.

या गाडीला मी व्होल्टेज ओळखणारा रिले लावला. तो पुढच्या बॅटरीकडे बघत बसतो. इंजिन चालू झालं, अल्टरनेटरनं पुढच्या बॅटरीचं व्होल्टेज १३.३ पर्यंत नेलं, की तो मागची बॅटरी जोडतो. इंजिन बंद केलं आणि व्होल्टेज १२.८ च्या खाली उतरलं की तोडतो. भरलेली शिशाची बॅटरी निवांत असताना १२.७ च्या आसपास दाखवते, त्यामुळं १२.८ ला तोडलं म्हणजे पुढच्या बॅटरीतलं काहीच मागं जात नाही. मागं पंखे रात्रभर फिरोत, फ्रिज चालो, मागची बॅटरी पार उतरो. सकाळी सेल्फ लागणारच. परक्या गावात, ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला याच्यापेक्षा मोठा दिलासा काय देणार?

रिले बसवायला अर्धा तास लागतो. खरा वेळ जातो तो पुढून मागं केबल नेण्यात. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बिछान्यापर्यंत वळणं धरून साडेपाच मीटर भरले. काकांच्या ओळखीच्या एका वायरमननं १० स्क्वेअरची केबल पुरेल म्हणून सांगितलं होतं. जळणार नाही या अर्थानं ती चालून गेली असती. पण १० स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागं १.८ मिलिओहमच्या आसपास रोध असतो. साडेपाच मीटरमध्ये ५० अँपिअर वाहिले की अर्धा व्होल्ट वायरीतच संपतो, आणि बॅटरी भरण्याच्या कामात अर्धा व्होल्ट म्हणजे भरलेली बॅटरी आणि कायम अर्धपोटी बॅटरी यांच्यातला फरक. २५ स्क्वेअरच्या केबलमध्ये हाच तोटा पाव व्होल्टाच्याही आत राहतो. बारीक वायर टाकली की आणखी एक खोड दिसते: रिले जोडतो, ओढ्यानं व्होल्टेज पडतं, रिले तोडतो, व्होल्टेज पुन्हा चढतं, रिले पुन्हा जोडतो. टक-टक, टक-टक. असा टकटकणारा आयसोलेटर खराब निघाला म्हणून बदलून घेतलेले लोक मला माहीत आहेत. बदललेलाही तसाच टकटकतो.

केबलच्या टोकाला लग बसवणं ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. कातडं सोलताना तांब्याची एकही तार तुटू द्यायची नाही. तारा लगच्या नळीत पूर्ण आत गेल्या की नाही, ते नळीच्या आतल्या टोकाशी असलेल्या बारीक भोकातून दिसतं. तिथं तांबं चमकलं पाहिजे. मग हायड्रॉलिक क्रिंपरच्या षटकोनी जबड्यात धरून दाब द्यायचा, जबडा पूर्ण मिटेपर्यंत. सोडल्यावर दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढून बघायचं. हातोडीनं ठोकून चपटा केलेला लग वरून तसाच दिसतो, पण आत पोकळी राहते, तिथं ओल शिरते, तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी तोच जोड तापायला लागतो. माझ्या हाताखालच्या पोराला मी एक लग मुद्दाम ठोकायला लावला, एक दाबायला लावला, आणि दोन्ही हॅक्सॉनं मधोमध कापून दाखवले. दाबलेल्यात तांब्याचा एकसंध गोळा होता. ठोकलेल्यात तारा सुट्या होत्या. पोरगा ते दोन तुकडे किती तरी वेळ निरखत होता. त्यानंतर त्यानं लगला हातोडी लावलेली नाही.

फ्यूजबद्दल मात्र मला थोडं मोठ्यानं बोलावं लागतं. एकदा दुसरीकडून काम करून आलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, पंखा मधूनच बंद पडतो एवढीच तक्रार. खाली शिरून पाहिलं तर मागच्या बॅटरीची जाड केबल चॅसीच्या आडव्या पट्टीच्या उघड्या कडेवरून गेलेली. रबरी ग्रोमेट नाही, वरून नालीदार पाइप नाही. गाडीच्या थरथरीनं कातडं कापत कापत तांब्यापर्यंत आलं होतं. आणि फ्यूज होता फक्त पुढच्या बॅटरीजवळ. त्या घरातली दोन मुलं त्याच बॅटरीच्या वर, फळीवर गादी टाकून झोपायची.

फ्यूज वायरीला वाचवतो, हे आधी समजून घेतलं पाहिजे. दोन बॅटऱ्यांना जोडणारी वायर दोन्ही टोकांनी जिवंत असते. ती मध्ये कुठं चॅसीला टेकली, तर पुढची बॅटरी आपल्या बाजूनं हजारभर अँपिअर ओतू बघते आणि मागची आपल्या बाजूनं. पुढचा फ्यूज उडाला तरी मागची ओततच राहते. वायर लाल होते, मग तिचं कातडं पेटतं, मग वरची फळी. आयसोलेटर उघडा असला तरी त्याच्या मागचा तुकडा मागच्या बॅटरीमुळं जिवंतच असतो. म्हणून दोन्ही टोकांना फ्यूज, आणि तोही बॅटरीच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतरात. काकांच्या गाडीत दोन्हीकडे १०० अँपिअरचे बसवले. एका फ्यूजचे पैसे वाचवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काम दुसरीकडे करून घ्या असं सांगितलेलं आहे, आणि पुन्हाही सांगेन. पण दुसरीकडे गेल्यावर तो फ्यूज बसला का, ही काळजी मला नंतर बरेच दिवस असते.

निगेटिव्हला चॅसीवर घेताना रंग खरवडून उघडं लोखंड काढायचं, दातेरी वॉशर घालायचा, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली. गगनबावड्याच्या पावसात जाणाऱ्या गाडीला तेवढं हवंच. शेवटी जोडणी करताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. काढताना उलट. हातातलं कडं, अंगठी आधी खिशात. पाना चुकून दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर तो तिथंच चिकटतो आणि लाल होतो.

इंजिन चालू केलं तेव्हा काकू मीटर धरून मागं बसल्या होत्या. पुढं १४.२. थोड्या वेळानं बिछान्याखालून एकच खणखणीत टक्क आला. क्लॅम्प मीटरनं केबलमधून ४५ अँपिअर दाखवले, मागच्या बॅटरीवर १३.९. पुढच्या-मागच्यात ०.३ चा फरक. वायर, लग, दोन फ्यूज आणि चॅसी सगळं धरून. मग इंजिन बंद केलं, काही मिनिटांनी पुन्हा टक्क. पंखे, दिवे, फ्रिज चालूच होते आणि पुढच्या बॅटरीतून शून्य अँपिअर जात होते. काकूंनी तो शून्य काकांना बोलावून दाखवला.

नव्या गाड्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर काही गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. सरळ रस्त्यावर ते साडेबारापर्यंतही खाली जातं, आणि आमचा रिले इंजिन बंद झालं समजून बॅटरी तोडतो. माणूस पुण्याहून कोल्हापूरला येतो, मागची बॅटरी रिकामीच. अशा गाडीला डीसी-टू-डीसी चार्जर लागतो; मिळेल ते व्होल्टेज घेऊन तो मागच्या बॅटरीला हवं तेवढं उचलून देतो. लिथियम बॅटरी असेल तरी तोच. लिथियम फॉस्फेटची बॅटरी चार्जिंग सुटल्यावरही तेरा-सव्वातेरा व्होल्ट धरून राहते, त्यामुळं रिलेला तोडायचं कधी ते कळत नाही. शिवाय ती भुकेली असली की अल्टरनेटर देईल तेवढं ओढते. उभ्या गाडीत, आयडलवर, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असताना हा ओढा त्याला तापवून मारतो. लिथियम हलकी आहे, टिकाऊ आहे, मला आवडते. पण जुन्या साध्या रिलेवर ती कुणी जोडून मागितली तर मी जोडत नाही.

काका-काकू पावसाळ्यात परत आले, बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला. मीच तसं सांगून ठेवलं होतं. नवे लग पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये थोडे बसतात. काकूंनी वही आणली होती. रोज सकाळी, इंजिन चालू करायच्या आधी, दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज आणि फ्रिज त्या वेळी चालू होता की बंद, हेसुद्धा. असं लिहून आणणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं आहे. कोकणातल्या नोंदी छान होत्या: छपरावरचं २०० वॉटचं सोलर पॅनेल दिवसाला पन्नासेक अँपिअर-तास देत होतं आणि मागचा आकडा १२.४ च्या खाली जात नव्हता. मग गगनबावड्याला पावसात दोन दिवस एकाच जागी मुक्काम. पॅनेलकडून काहीच नाही, गाडी हललेली नाही. दुसऱ्या दिवशीची नोंद: मागं ११.९, फ्रिज बंद. त्याच्या शेजारी, पुढं १२.६. आणि बारीक अक्षरात, "पहिल्याच सेल्फला सुरू."

११.९ म्हणजे निम्म्याच्या बरंच खाली. एकदा झालं तर बॅटरी सोसते, सवय झाली तर नाही. फ्रिजमधलं बॅटरी सांभाळण्याचं सेटिंग 'लो'वर होतं, ते 'हाय'वर नेलं, म्हणजे तो आधीच थांबेल. काकूंना दह्याची काळजी होती. तासभर गाडी चालवली तर ४० अँपिअर-तासांपर्यंत परत येतात, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला शिशाची बॅटरी कितीतरी तास घेते. ते काम गाडी चालवून होत नाही, ते उन्हाचं किंवा घरच्या विजेचं. म्हणून २३० व्होल्टवर चालणारा २० अँपिअरचा चार्जर बसवायचा ठरवला, मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मिळाला तर रात्रभर लावून ठेवायला. जागा काकूंनी दाखवली, ओट्याखालच्या कप्प्यात. हवा खेळेल अशी जाळी त्या कप्प्याला पाडून आणा, एवढं मी सुताराला कळवलं आणि चार्जर मागवला.